कण्यावर काय छापू?

८ मार्च, रविवार

वहीबाई, आधी माफी मागतो. तुला जानेवारीत शिवलं आणि लिहायला बसायला मार्च उजाडला. फार उशीर झाला. सहावीनंतर मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. दुसऱ्यांची पुस्तकं बांधण्यात जन्म गेला, पण स्वतः चार ओळी लिहायच्या म्हटलं की हात धुतो, चष्मा पुसतो, पेन शोधतो आणि चहा प्यायला उठतो. शिवाय तुझं पहिलं पान कोरं इतकं छान दिसत होतं की त्यावर माझं अक्षर उमटवायचं जिवावर आलं.

लिहायची आज्ञा आमच्या नातीची. लहानपणी ती एका जागी ठरत नसे म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात, आणि आता चांगली पदवीधर झाली तरी म्हणतात. मी दिवसभर काळज्या करतो आणि त्या तिला सांगतो. तर ती म्हणाली, "आजोबा, निम्म्या काळज्या वहीला सांगत जा. वही रिकामी असते, मला अभ्यास असतो."

तेव्हा वहीबाई, ऐक. भिंगरीला रसायनशास्त्रात एम.एस्सी. करायची आहे आणि दोन विद्यापीठांनी तिला या म्हणून बोलावलं आहे. एक आपल्या शहरातलं, थोरलं. त्याचं नाव घेतलं की समोरचा माणूस खुर्चीत सरळ बसतो. त्याची फी मात्र अशी की ऐकणारा खुर्चीतून पडावा. दुसरं धाकटं, बसने अर्धा दिवस लांब. त्याचं नाव घेतलं की लोक म्हणतात, "कुठं आलं हे?" तिथे फी माफ, आणि वर खालच्या वर्गांना शिकवलं तर हातखर्चाला पैसेही देणार.

थोरल्यासाठी कर्ज काढावं लागेल, आणि कर्जासाठी वरचं घर आणि खालचं माझं बाइंडिंगचं दुकान तारण. उत्तर द्यायला एप्रिलच्या अखेरपर्यंत वेळ आहे. मला आजपासूनच घाम फुटला आहे.

९ मार्च

सकाळी वाटलं, थोरलंच. संध्याकाळी वाटलं, अंथरूण पाहून पाय पसरावेत, धाकटंच बरं. आमची ही म्हणाली, "तुमचं मत म्हणजे दाराची बिजागरी." मी म्हणालो, "अगं, बिजागरी जागेवरच असते. हलतं ते दार." तर म्हणते, "तेच म्हणतेय मी. तुम्ही नुसते कुरकुरता."

१५ मार्च, रविवार

आज थोरल्या विद्यापीठात पाहुण्यांचा दिवस होता. पोरांनी यावं, आईबापांना दाखवावं. भिंगरीच्या आईची इस्पितळात पाळी होती, ती नर्स आहे. बाप म्हणजे आमचे चिरंजीव. तो लिफ्ट दुरुस्त करतो, आणि लिफ्टला रविवार नसतो. म्हणून मी गेलो. इस्त्री केलेला शर्ट घातला.

या विद्यापीठाचे प्रबंध मी इतकी वर्षं बांधले. गडद निळं कापड, पुस्तकाच्या पाठीला, म्हणजे कण्यावर, सोनेरी अक्षरांत विद्यापीठाचं नाव, खाली पोराचं नाव. पण माल द्यायला नेहमी मागच्या फाटकातून, जिथे कचऱ्याची गाडी उभी असते तिथून. आज पहिल्यांदा पुढच्या दारातून शिरलो. काय ते दार! मी पायपुसण्यावर इतका वेळ पाय पुसले की मागची माणसं खोळंबली.

ग्रंथालयात मी बांधलेले प्रबंध काचेच्या कपाटात ओळीने उभे दिसले. एकाचाही कणा सैल नाही. मी भिंगरीला म्हणालो, "बघ, तुझाही इथे उभा राहील." ती म्हणाली, "हो आजोबा." तिचं लक्ष घड्याळाकडे होतं. प्राध्यापक साहेबांना भेटायचं होतं ना.

साहेब फार मोठे गृहस्थ. त्यांनी भिंगरीशी उभ्या उभ्या बोलून घेतलं, मध्ये दोनदा फोन घेतला, तिला दुसऱ्याच मुलीच्या नावाने हाक मारली आणि गेले. एवढ्या मोठ्या माणसाने तेवढा वेळ दिला हेच पुष्कळ. बाहेर आल्यावर भिंगरीने विचारलं, "आजोबा, पहिल्या वर्षी इथे प्रयोगशाळेत स्वतःचं काम करू देत नाहीत, माहितीये?" मी म्हणालो, "बरोबर आहे. एवढी महागडी काच. फोडली तर?"

घरी बसने पाऊण तासात आलो. म्हणजे थोरल्यात गेली तर रोज रात्री जेवायला घरी. हाही एक मुद्दा नोंदवून ठेवतो. बाकी काही नाही.

२२ मार्च, रविवार

काल धाकटं पाहून आलो, घरी पोचायला आज पहाट झाली. कंबर मोडली.

वहीबाई, मी काही उगाच नावं ठेवणारा माणूस नाही, पण ऐक. इमारतीच्या एका बाजूला दुधाचा कारखाना आणि दुसऱ्या बाजूला सायकलींचं गोदाम. फाटकावरच्या नावातली दोन अक्षरं पडलेली. ग्रंथालयातले प्रबंध मी मुद्दाम पाहिले. बांधणी म्हणजे नुसता गोंधळ, कणे पोक काढून बसलेले.

आणि तिथल्या प्राध्यापक बाई! शिपाई नाही, काही नाही. बोटांना चिकटपट्ट्या, झग्याला डाग. स्वतः चहा केला, तोही प्रयोगाच्या काचेच्या भांड्यात. म्हणाल्या, "घाबरू नका, हे भांडं चहाचंच आहे." कशावरून? मी एकच घोट घेतला. भिंगरीने मात्र दोन भांडी रिचवली आणि त्या दोघी जणी एका काचेच्या पट्टीवर वाकून अशा बोलत बसल्या की मला वाटलं आपली शेवटची बस चुकणार. चुकलीच. मग बाई आम्हाला रात्रीची गाडी सुटते त्या दुसऱ्या थांब्यापर्यंत सोडायला आल्या. वाटेत रस्ता ओलांडताना रस्त्याच्या मध्येच थांबून भिंगरीला काहीतरी समजावत होत्या. गाडीवाला शिव्या देऊन गेला. एवढ्या शिकलेल्या बाईंना रस्ता ओलांडायची अक्कल नसावी?

बसमध्ये भिंगरी सारखी एकटीच हसत होती. थकवा आला की काही जणांचं असं होतं.

२४ मार्च

संध्याकाळी शेजारचे मास्तर चहाला आले. निवृत्त झाले पण खडू काही हातातून सुटला नाही, टेबलावर बोटाने लिहून दाखवतात. ते म्हणाले, "बाइंडर, यात विचार कसला करता? नाव म्हणजे नाव. अर्जांचा गठ्ठा असतो समोर. साहेब काय बघतो? नाव बघतो. माझा भाचा थोरल्यात शिकला, आज बघा."

ही म्हणाली, "बघतेय ना. परवा तोच तुमच्याकडे उसने मागायला आला होता."

"ते तात्पुरतं. हप्ते जड जातात त्याला."

"नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा," असं म्हणून हिने मास्तरांपुढची बिस्किटांची बशी उचलली.

चिरंजीव दिवसभर लोकांना वर-खाली नेण्याची सोय करून घरी येतो आणि मग एका जागी बसतो, बोलत नाही. आज बोलला. "बाबा, तिला थोरल्यात जायचं असेल तर मी घर तारण ठेवीन. धाकट्यात जायचं असेल तर बॅग घेऊन देईन. फक्त तिला बोलू द्या."

"मी कुठे बोलू देत नाही?" मी म्हणालो, आणि मग माझं बोलणं जेवणापर्यंत चाललं.

२९ मार्च, रविवार

आज एक काम गुपचूप केलं.

काळजी वाढली की मला कामच लागतं. दुकान बंद होतं. निळं कापड उरलं होतं, चांगल्यापैकी. जाड पुठ्ठे कापले, कापड ओढून घेतलं, कोपरे घडी करून आत दाबले. मग ठसे गरम केले आणि सोनेरी छापून टाकलं: वर थोरल्या विद्यापीठाचं नाव, मध्ये भिंगरीचं पूर्ण नाव, खाली एम.एस्सी.

पुस्तक अजून लिहायचं आहे, कव्हर तयार. धंद्यात असं कोणी करत नाही. पानं किती जाड होतील ते कळल्याशिवाय कणा किती रुंद ठेवायचा हे कसं कळणार? मी अंदाजाने रुंद ठेवला. हुशार पोरगी आहे, पुष्कळ लिहील.

कर्जाचं काय, असा विचार मनात येताच कव्हर पुस्तकं दाबायच्या शिकंज्यात ठेवलं आणि वर जुनी वर्तमानपत्रं टाकली.

२ एप्रिल

विशेष काही नाही. पुस्तकं चिकटवायची खळ संपत आली होती, आज नवी झाली. माझी खळ आमच्या धंद्यात प्रसिद्ध आहे. तीस वर्षांपूर्वी बांधलेली पुस्तकं दुरुस्तीला येतात ती पानं फाटून. चिकटवलेलं सुटलं म्हणून एकही आलेलं नाही. ही ढवळते, मी वर जिन्यात उभा राहून लक्ष ठेवतो.

भिंगरी लहानपणी या पातेल्याशेजारी बसून विचारायची, "आजोबा, पीठ चिकटतं का? पाणी चिकटतं का? मग दोन्ही मिळून का चिकटतं?" मी म्हणायचो, "चिकटतं म्हणून चिकटतं." आजही तिने पातेल्यात बोट घातलं, चोळलं, वास घेतला. केवढी मोठी झाली तरी सवय जात नाही.

६ एप्रिल

भिंगरी आज दुकानात माझ्याजवळ येऊन बसली. सुईत दोरा ओवून दिला. मग म्हणाली, "आजोबा, एखाद्या चांगल्या पुस्तकाला साधं कव्हर असलं तर तुम्हाला वाईट वाटेल का?"

मी म्हणालो, "पुस्तकाला वाटेल."

"आणि पुस्तकाला चालत असेल तर?"

"पुस्तकाला काय कळतं? कव्हर लोक बघतात."

 मग आणखी एक सुई ओवून दिली आणि वर गेली. कर्जाची भीती वाटत असणार बिचारीला. मी ठरवलं, तिला धीर द्यायचा.

११ एप्रिल, शनिवार

कव्हर सापडलं! मी दवाखान्यात डोळे तपासायला गेलो होतो. भिंगरीला कुठलंसं जाडजूड पुस्तक दाबायचं होतं म्हणून तिने शिकंजा उघडला. मी आलो तर कव्हर तिच्या मांडीवर. सोन्याच्या अक्षरांवरून हळूहळू बोट फिरवत होती.

"आजोबा, हे तुम्ही केलंत?"

"दुसरा कोण करील?"

"फार सुंदर आहे," एवढं म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. मलाही राहवलं नाही. आम्ही दोघे जण तिथे निळ्या कापडावर टपटप आसवं गाळत बसलो. मग मीच ओरडलो, "अगं, सोनं ओलं करू नकोस!"

आनंदाश्रू म्हणतात ते हेच. आज मला चांगली झोप लागेल.

१३ एप्रिल

भिंगरीने सांगून टाकलं. थोरलंच. शुक्रवारी बॅंकेत जायचं. चिरंजीव म्हणाला, "नक्की ना?" ती म्हणाली, "नक्की." सूनबाईने तिच्या कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं. सवय तिची. मास्तरांना सांगितलं तर ते एवढे खूश झाले की बिस्किटं स्वतः घेऊन आले.

एकूण घरात आनंद आहे. फक्त कोणी बोलत नाही. भिंगरीने सलग दोन दिवस भाजी पानात टाकली. हिला म्हटलं, "आनंदाने भूक मेली वाटतं." ही म्हणाली, "आनंदाने भूक मेलेलं माणूस मी अजून पाहिलं नाही. तुम्ही तिला विचारलंत?"

"काय विचारायचं? रडली ना ती आनंदाने."

ही माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "तुमचा चष्मा कधी मिळणार म्हणाले?"

पुढच्या आठवड्यात. पण त्याचा इथे काय संबंध?

१७ एप्रिल, शुक्रवार

आजचं सविस्तर लिहितो.

बॅंकेत चिरंजीव, भिंगरी आणि मी. दुकान माझ्या नावावर आहे म्हणून माझीही सही हवी. अधिकारी तरुण होता, टाय सैल. त्याच्या टेबलावरच्या पंख्याने कागद उडत होते आणि तो प्रत्येक कागदावर काहीतरी ठेवत होता. एकावर स्टेपलर, एकावर चष्म्याची पेटी, एकावर अर्धी खाल्लेली काकडी.

तो भिंगरीला म्हणाला, "इथे लिहावं लागतं, नेमकं कशाचा अभ्यास करणार. वरचे लोक वाचतात. सोप्या शब्दांत सांगा, मला टायपून घेऊ दे."

भिंगरी पाठ केल्यासारखं बोलली, "रसायनशास्त्र. नामांकित संस्था आहे. पुढे नोकरीच्या संधी चांगल्या आहेत."

"ते सगळेच सांगतात हो. तुम्हाला काय करायचंय?"

आणि वहीबाई, काय झालं कोण जाणे, पोरगी सुरूच झाली. म्हणाली, "मला दोन वस्तू एकमेकींना कशा धरून ठेवतात ते शोधायचंय. साधी पिठाची खळ घ्या. पाणी असतं तोवर ती धरत नाही. पाणी गेलं की धरते. पण सगळंच पाणी गेलं तर कडक होऊन सोडते. मध्ये कुठेतरी एक जागा आहे. आमच्याकडची खळ ती जागा तीस तीस वर्षं सोडत नाही, आणि का ते कोणालाच माहीत नाही. आजोबांनाही नाही. ते कळलं तर जुनी पुस्तकं वाचवता येतील, लाकूड जोडता येईल, कदाचित जखमासुद्धा टाके न घालता..." तिचे हात हवेत असे चालले होते की काकडी खाली पडली. तिचं नावच भिंगरी!

अधिकाऱ्याची बोटं थांबली होती. तो म्हणाला, "वा! आणि हे या विद्यापीठात शिकवतात?"

भिंगरीचे हात खाली आले.

"नाही," ती म्हणाली. "तिथे नाही. ते दुसरीकडे."

 चिरंजीव म्हणाला, "साहेब, पाच मिनिटं," आणि आम्हाला दोघांना बाहेर घेऊन आला.

बॅंकेच्या पायऱ्यांवर बसलो.  माझी खळ? विद्यापीठात? माझं आपलं वाटणं होतं की ती औषधं नाहीतर रॉकेलबिकेल असलं काही शिकणार. मी म्हणालो, "पोरी, कर्जाला घाबरू नकोस. मोठं कटिंग मशीन विकतो मी. तसंही त्याचं पातं..."

"आजोबा, मला कर्जाची भीती वाटत नाही," ती म्हणाली. "म्हणजे वाटते. पण त्याहून जास्त तुमच्या त्या कव्हराची वाटते."

"कव्हराची?"

"तुम्ही एवढं छापून ठेवलंत. मी काय बोलणार?"

चिरंजीव म्हणाला, "आता बोल. सगळं बोल."

मग ती बोलली. मास्तर खोटं सांगत नाहीत, म्हणाली. थोरल्याच्या नावाने नोकरी लवकर मिळेल हे खरं. पण हप्ते फिटेपर्यंत जी मिळेल ती धरून बसावं लागेल आणि खळ राहील बाजूला. धाकट्यातल्या बाई पहिल्या दिवसापासून काम करू देणार आहेत. नाव नाही त्यांना, कदाचित कधी होणारही नाही, आणि पुढे तिला त्याचा त्रास होईलही. तो तिने हिशेबात धरला आहे.

हे सगळं माझ्या डोक्यावरून गेलं. माझं मन अजून कव्हरापाशीच अडकलं होतं. एवढंच मनात आलं की पोरगी एका कव्हरासाठी घर गहाण टाकायला निघाली होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "कव्हराचं काय घेऊन बसलीस? कापड ओलं करून सोलून काढायचं. पुठ्ठा परत वापरता येतो."

तर दोघेही माझ्याकडे बघायला लागले. आणि भिंगरी माझ्या गळ्यातच पडली, भर पायऱ्यांवर, येणारे-जाणारे बघत असताना. चिरंजीव नाक शिंकरत आत गेला आणि कागद परत घेऊन आला. अधिकारी दारापर्यंत आला आणि म्हणाला, "मॅडम, ते का चिकटतं हे कळलं तर मलाही सांगा."

येताना आइस्क्रीम खाल्लं. माझा दात ठणकतो आहे.

१८ एप्रिल

आता वेगळीच काळजी. मास्तर म्हणतात, "खळ शिकायला विद्यापीठात? तुम्ही घरी शिकवली असती फुकट."  त्यात थोडं तथ्य आहे असंही वाटतं. ही आतून ओरडली, "घरी कोण शिकवणार होतं? ह्यांना कुठे येते?"

हिचं बोलणं कधी कधी मला कळत नाही.

भिंगरीने आज तीन वेळा भाजी वाढून घेतली.

२६ एप्रिल, रविवार

धाकट्याला होकार गेला. मी दुकानात एकटा बसून कव्हर सोललं.

ओलं फडकं ठेवलं तरी सुटेना. माझीच खळ, माझ्याशीच हट्टाने वागली. शेवटी निघालं. सोनं बोटांना लागलं. एक मोठं अक्षर अंगठ्यावर उलटं उमटलं, ते दोन दिवस जाणार नाही. वाईट वाटलं का? वाटलं. काचेच्या कपाटातली जागा डोळ्यांपुढे आली. रात्रीच्या जेवणाला एक पान कमी होणार तेही आलं. पण पुठ्ठा अगदी स्वच्छ निघाला, बाक नाही, काही नाही. चांगला पुठ्ठा होता.

२८ जुलै

पुष्कळ दिवसांनी बसलो, माफ कर. काळज्या कमी होत्या असं नाही, पण प्रबंधांचा हंगाम होता.

त्या पुठ्ठ्यांची भिंगरीसाठी प्रयोगाची वही केली. जाड कोरी पानं, पक्की शिवण, उघडली की सपाट पडते, म्हणजे दोन्ही हात कामाला मोकळे. राखी रंगाचं कापड घेतलं, डाग पडले तर दिसायला नकोत. त्या बाईंच्या झग्यावरून धडा घेतला.

सोनेरी काय छापू म्हणून ठसे काढून बसलो. धाकट्याचं नाव छापायला मी तयार होतो, लिहून ठेव वहीबाई, मनापासून तयार होतो. पण भिंगरी म्हणाली, "आजोबा, कणा कोरा ठेवा. आत काय निघतं ते आधी बघू. मग मी सांगेन काय छापायचं ते."

"कोऱ्या कण्याचं पुस्तक माझ्या दुकानातून आजवर बाहेर गेलं नाही."

"मग हे पहिलं."

पानांची जाडी ठाऊक असूनही माझ्या हातून कणा थोडा रुंदच झाला.

१ ऑगस्ट, शनिवार

भिंगरी उद्या निघणार. आज एक प्रकार घडला आणि मी अर्धा दिवस रुसून बसलो.

बाईंनी तिला सांगितलं होतं म्हणे, घरची खळ बरणीभर घेऊन ये, तपासू. ही मोठ्या हौसेने खळ करायला बसली. भिंगरी शेजारी वजनकाटा घेऊन. मी नेहमीसारखा जिन्यात. तर ही कनवटीतून पुडी काढते आणि चिमूटभर पांढरं काहीतरी टाकते!

"अगं, हे काय?"

"तुरटी."

"कधीपासून?"

"लग्न झाल्या वर्षापासून. तुमच्या नुसत्या पिठाच्या खळीला झुरळं लागायची. सांगितलं असतं तर तुम्ही वाद घातला असता."

भिंगरी हसून हसून जमिनीवर बसली. मग बरणीवर चिठ्ठी लावली: आजीची खळ. मी म्हणालो, "सगळा धंदा तिला माझी खळ म्हणून ओळखतो." ही म्हणाली, "ओळखू दे की. चिकटल्याशी कारण."

संध्याकाळी चहा आणून दिला तेव्हा रुसवा सोडला. चहा चांगला होता.

२ ऑगस्ट, रविवार

गेली. बसच्या खिडकीतून बरणी छातीशी धरून हात हलवत होती. मी बरणीचं झाकण घट्ट आहे का हे ओरडून विचारलं. तिला वाटलं मी काही मायेचं बोलतोय, तिने मायेने मान हलवली. त्यामुळे झाकणाचं काय ते शेवटपर्यंत कळलं नाही.

सूनबाईने माझी नाडी पाहिली. चिरंजीव म्हणाला, "बाबा, चला, चालत जाऊ." दोघे चालत आलो. तो वाटेत एकदाच बोलला. म्हणाला, "लिफ्ट बिघडली की लोक विचारतात कोणत्या कंपनीची. मी विचारतो, आत कोण अडकलंय." कशाबद्दल बोलत होता कोण जाणे.

१४ ऑगस्ट

भिंगरे, आज वहीबाईला बाजूला सारून तुलाच लिहितो. ही वही तू आलीस की वाचशीलच, नाही म्हटलं तरी.

पोचलीस असा फोन आला, खोली बरी आहे, गादी जाड आहे, बाई बस थांब्यावर आल्या होत्या, हे सगळं तुझ्या आजीला कळलं. मी फोनवर आलो की तू "आजोबा, काळजी करू नका" म्हणतेस आणि फोन ठेवतेस. याने काळजी वाढते. काल मास्तर विचारत होते, पोरीचं विद्यापीठ कुठलं. मी नाव सांगितलं. ते म्हणाले, "कुठं आलं हे?" मी म्हणालो, "दुधाच्या कारखान्याशेजारी," आणि का कोण जाणे, खुर्चीत सरळ बसलो.

तुझं पान अजून चुकून घेतलं जातं. आजी घेते आणि नाव माझं सांगते.

पण मुद्द्याचं राहिलंच. ती बरणी तपासली का? बाई काय म्हणाल्या? आजी वरकरणी काही दाखवत नाही, पण फोन वाजला की हात पुसत तीच आधी धावते. मला तर तुझ्या दहावीच्या निकालालाही एवढी धाकधूक झाली नव्हती. मी सहावीत शाळा सोडली, ती कधी शाळेत गेली नाही, आणि आज आमची खळ विद्यापीठात परीक्षेला बसली आहे. ठसे पुसून ठेवले आहेत, सोनं आणून ठेवलं आहे, कण्यावर काय छापायचं ते सवडीने सांग, त्याला वर्षं लागली तरी चालतील. पण खळ पास की नापास, तेवढं मात्र लवकर कळव.